रेल्वेत सुट्टीतलं ट्रेनिंग कसं मिळवायचं? दहावी, आयटीआय, डिप्लोमाच्या मुलामुलींसाठी

दरवर्षी मार्च उजाडला की नात्यातली नाहीतर ओळखीतली दोन-तीन पोरं हमखास विचारतात, दादा, सुट्टीत रेल्वेत काही काम मिळेल का, पगार नसला तरी चालेल पण आतून बघायचंय. मी स्वतः डिप्लोमाच्या सुट्टीत एका कोचिंग डेपोत, म्हणजे प्रवासी डब्यांची देखभाल होते तिथे, महिनाभर होतो, नंतर धाकट्या भावाला आणि त्याच्या मित्रांनाही या सगळ्यातून नेलंय, त्यामुळे प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतीय रेल्वेत 'समर जॉब' असा प्रकार नाही. दोन महिने कामाला लावलं, पगार दिला आणि जूनमध्ये घरी पाठवलं, असं होत नाही. कायम भरती आरआरबी आणि आरआरसी या रेल्वेच्या भरती यंत्रणांमार्फत होते आणि तिथे किमान वय १८ लागतं. पण शिकायला आत जाता येतं, त्याचे अधिकृत रस्ते आहेत, आणि ते बहुतेकांना माहीतच नसतात म्हणून पोरं भलत्याच माणसाकडे जाऊन पैसे घालवून बसतात.

आधी वय आणि शिक्षण बघा, रस्ता त्यावरून ठरतो

वय १४ च्या आत असेल तर कामाचा विषय डोक्यातून काढा. बालकामगारांचा १९८६ चा कायदा आहे, त्यात मनाई असलेल्या कामांच्या यादीत रेल्वेची वाहतूक आणि स्टेशनवर एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर फिरून खाणंपिणं विकणं ही कामं नाव घेऊन लिहिलेली होती, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर १४ च्या आतल्या मुलांना सगळीच कामं बंद झाली, अपवाद फक्त शाळा सांभाळून घरच्यांना हातभार लावण्यासारखे थोडे. १४ ते १८ मध्ये धोकादायक कामं बंद. म्हणून गाडी धुण्याच्या, पँट्रीच्या, पार्सलच्या ठेकेदाराकडे 'वय १८ सांग, चालतंय' असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. तिथे हात सापडला तर कागदावर तुम्ही नसताच आणि भरपाई मागायला घरच्यांकडे काही पुरावा राहत नाही.

वय १५ पूर्ण आहे, दहावी झालीय आणि आयटीआय केलंय, तर तुमचा रस्ता अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा. हे सुट्टीपुरतं नाही, एक वर्षाचं आहे, पण पैसे मिळतात.

डिप्लोमाला आहात, म्हणजे वय साधारण १७ ते १९, तर व्होकेशनल ट्रेनिंग, ज्याला कॉलेजात इनप्लांट किंवा इंडस्ट्रियल ट्रेनिंग म्हणतात. सुट्टीत बसणारा प्रकार हाच, म्हणून याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणारे.

१८ पूर्ण आणि फक्त दहावी पास असाल तर रेल कौशल विकास योजना बघा. आणि पीएम इंटर्नशिप योजनेच्या मागे लागण्याआधी वयाची अट बघा, २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती २१ ते २४ होती.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी नेहमी विचारतात की आमचं काय. खरं सांगायचं तर तुमच्यासाठी आत जायची पद्धतशीर सोय फार कमी आहे. शाळा-कॉलेजमार्फत एक दिवसाची शेड व्हिजिट मागता येते, तेवढी नक्की मागा, शिक्षकांनी पत्र दिलं तर बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात.

'रेल्वेत' जायचं नसतं, एका डिपार्टमेंटच्या एका जागेत जायचं असतं

हे मला कळायला चार दिवस लागले. मी कॉलेजचं पत्र घेऊन सरळ मोठ्या स्टेशनावर गेलो, स्टेशन मास्तरांच्या केबिनबाहेर तासभर उभा राहिलो. त्यांनी चांगलंच वागवलं पण म्हणाले बाळा हे माझ्याकडे नाही, डीआरएम ऑफिसला, म्हणजे डिव्हिजनच्या मुख्य ऑफिसला जा. तिथे गेलो तर गेटवर विचारलं कुठल्या ब्रँचला, मला सांगता येईना. माझ्या पत्रावर 'प्रति, रेल्वे व्यवस्थापक' असं मोघम लिहिलेलं, नेमकं कुणाला ते कळतच नाही. तिसऱ्या दिवशी एका क्लार्क मॅडमनी पत्र हातात घेऊन विचारलं, तुझी ब्रँच कोणती, मेकॅनिकल ना, मग तुला डबे बघायचेत का इंजिन? तोपर्यंत मी हा विचारच केला नव्हता. मी म्हटलं डबे. म्हणाल्या मग सीनियर डीएमईंच्या, म्हणजे डिव्हिजनच्या मेकॅनिकल अधिकाऱ्यांच्या नावाने नवीन पत्र आण, कोचिंग डेपो लिही, किती आठवडे ते लिही. चौथ्या दिवशी ते पत्र घेऊन गेलो आणि पुढच्या आठवड्यात परवानगी आली.

तर आधी हे ठरवा. मेकॅनिकलवाल्यांनी कॅरेज अँड वॅगन डेपो, म्हणजे जिथे डब्यांची देखभाल होते, किंवा डिझेल लोको शेड, किंवा मोठं वर्कशॉप. इलेक्ट्रिकलवाल्यांनी इलेक्ट्रिक लोको शेड आणि लोकलची कारशेड, त्याला टीआरएस म्हणतात, आणि वरच्या तारांचं काम बघायचं असेल तर टीआरडी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एस अँड टी, म्हणजे सिग्नल आणि टेलिकॉम. सिव्हिलवाल्यांनी पी-वे किंवा वर्क्स, पी-वे म्हणजे रूळ, स्लीपर, खडी हे सगळं. कॉम्प्युटरवाल्यांना जागा कमी, मुख्यालयातल्या आयटी सेंटरमध्ये विचारून बघा.

मग जवळची जागा शोधा. आपल्याकडे कमी नाहीत. मुंबईत परळ आणि माटुंग्याचं वर्कशॉप, लोअर परळचं वर्कशॉप वेस्टर्न रेल्वेचं, भायखळ्याला सिग्नलचं वर्कशॉप, कुर्ला आणि सानपाड्याला कारशेड, वाडीबंदरला डब्यांचा डेपो, कल्याणला लोको शेड. पुण्याला घोरपडी. भुसावळला इलेक्ट्रिक लोको शेड आणि लोकोचं वर्कशॉप दोन्ही, मनमाडला इंजिनिअरिंग वर्कशॉप, नाशिक रोडला ट्रॅक्शन मशीनचं वर्कशॉप. सोलापूरकडच्यांना कुर्डुवाडी. नागपूरला अजनीची शेड, आणि मोतीबाग वर्कशॉप, ते मात्र साऊथ ईस्ट सेंट्रल रेल्वेचं, सेंट्रलचं नाही, पत्र लिहिताना ही चूक होते. नांदेड डिव्हिजन साऊथ सेंट्रलमध्ये, आणि कोकण रेल्वे ही वेगळी कंपनी, तिचं मुख्य ऑफिस बेलापूरला. गाव एका जिल्ह्यात आणि रेल्वे दुसऱ्या झोनची असं खूप ठिकाणी आहे, म्हणून आधी झोन (सेंट्रल, वेस्टर्न वगैरे) आणि त्यातली डिव्हिजन तपासा, मग पत्र.

माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रेनिंगला मोठ्या वर्कशॉपपेक्षा डेपो किंवा शेड बरी. वर्कशॉपमध्ये एक डबा कितीतरी दिवस उघडून ठेवलेला असतो आणि तुम्हाला एकाच सेक्शनमध्ये बसवतात, डेपोत गाडी सकाळी येते आणि संध्याकाळी सुटायची असते, त्यामुळे एका दिवसात पूर्ण काम डोळ्यासमोर होतं. मशिनिंग, वेल्डिंग यातच रस असेल तर मात्र वर्कशॉपच.

पत्र

कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांची किंवा ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरची सही आणि शिक्का असलेलं पत्र लागतं. तुमचा स्वतःचा अर्ज कितीही छान असला तरी या पत्राशिवाय फाईल पुढे सरकत नाही. वर्कशॉप असेल तर चीफ वर्कशॉप मॅनेजरच्या नावाने. डिव्हिजनमधली शेड किंवा डेपो असेल तर त्या त्या ब्रँचच्या अधिकाऱ्याच्या नावाने, मेकॅनिकलला सीनियर डीएमई, लोको-कारशेडला सीनियर डीईई टीआरएस, सिग्नलला सीनियर डीएसटीई, रुळांसाठी सीनियर डीईएन. काही डिव्हिजनमध्ये हे सगळं पर्सोनेल ब्रँचमधून, म्हणजे कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या सीनियर डीपीओंकडून जातं, म्हणून जायच्या आधी चौकशी करा आणि शंका असेल तर पत्राची प्रत दोघांनाही द्या.

बहुतेक ठिकाणी पत्र इंग्रजीत जातं पण मजकूर काय हवा तो मराठीत सांगतो, म्हणजे कळेल:

'आमच्या संस्थेतील मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या खालील दोन विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या कोचिंग डेपोमध्ये व्होकेशनल ट्रेनिंगची परवानगी मिळावी. विद्यार्थी स्वतःच्या जबाबदारीवर येतील, सुरक्षेचे सर्व नियम पाळतील, आणि या ट्रेनिंगच्या आधारे नोकरीचा कोणताही हक्क सांगणार नाहीत.'

यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. त्या ऑफिसात बसलेल्या माणसाला दोनच काळज्या असतात, पोराला काही लागलं तर कोण, आणि हा उद्या नोकरी मागायला आला तर काय. त्या दोन्ही पत्रातच मिटल्या की पुढचं सोपं जातं. आणि तारखा नक्की लिहा, 'उन्हाळी सुट्टीत' असं मोघम लिहू नका. एमएसबीटीईच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतंच, किती आठवड्यांचं ते तुमच्या स्कीमप्रमाणे म्हणजे अभ्यासक्रमाप्रमाणे बघा आणि तेवढाच कालावधी मागा. एका पत्रात दहा-बारा नावं घालू नका, दोन ते चार ठीक.

पत्राबरोबर बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, पासपोर्ट साईज फोटो चार-पाच, आणि १८ च्या आत असाल तर आई किंवा वडिलांचं संमतीपत्र. काही ठिकाणी बाँडपेपरवर हमीपत्र मागतात. काही युनिट व्होकेशनल ट्रेनिंगची फी पण घेतात, ती रेल्वेच्या खात्यात भरायची असते आणि पावती मिळते. पावती नसेल तर ती फी नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि हो, या ट्रेनिंगला स्टायपेंड नसतो, येण्याजाण्याचा खर्च आपलाच, घरी हे आधीच सांगून ठेवा.

मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र पोचलं पाहिजे. मार्चएंडला सगळी ऑफिसं गडबडीत असतात, आणि एप्रिलपर्यंत बाकीच्या कॉलेजांची पत्रं आलेली असतात. इनवर्ड नंबर, म्हणजे पत्र पोचल्याच्या नोंदीचा नंबर, घ्यायला विसरू नका, आपल्या प्रतीवर शिक्का मारून आणायचा. आठ-दहा दिवसांनी त्या नंबरने चौकशी केली की उत्तर मिळतं, नंबर नसेल तर 'पत्र शोधावं लागेल' इथेच दिवस जातो.

शक्य असेल तर स्वतः जा. सकाळी अकराच्या सुमाराला, साधे स्वच्छ कपडे, फाईल हातात. शेडमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये बीटीसी म्हणजे बेसिक ट्रेनिंग सेंटर असतं, तिथल्या इन्स्ट्रक्टरांना भेटा, जागा आहे का, कुठल्या महिन्यात गर्दी कमी असते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. 'सर, मला गाडीच्या ब्रेक सिस्टीमचं काम बघायचंय' असं म्हणालात तर समोरचा माणूस बसा म्हणतो, 'सर, सर्टिफिकेट हवंय' म्हणालात तर पुढचं बोलणंच होत नाही, हे मी दोन्ही प्रकारे होताना बघितलंय.

अप्रेंटिसचा रस्ता

आयटीआयवाल्यांनो, तुमच्यासाठी हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली रेल्वे दरवर्षी हजारो मुलं घेते. सेंट्रल रेल्वेच्या आरआरसीने २०२४ मध्ये २,४२४ आणि २०२५ मध्ये २,४१८ जागा काढल्या होत्या, मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर अशा क्लस्टरमध्ये म्हणजे गटांमध्ये. वय १५ ते २४, राखीव प्रवर्गांना वरच्या वयात सूट, दहावीला किमान ५० टक्के आणि त्या ट्रेडचं आयटीआय सर्टिफिकेट. परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क धरून मेरिट लागतं. म्हणून जे आत्ता आयटीआयला आहेत त्यांना कळकळीने सांगतो, 'पास झालो की बस' असं करू नका, तिथला एकेक टक्का इथे मोजला जातो.

ट्रेड फक्त फिटर-इलेक्ट्रिशियन नाहीत. वेल्डर, टर्नर, मशिनिस्ट, कारपेंटर, पेंटर, डिझेल मेकॅनिक आहेत, टेलरसुद्धा आहे. टेलर ट्रेडची एक मुलगी मला म्हणाली होती की रेल्वेत शिवणकामाचा काय संबंध, मी तिला म्हटलं डब्यातली सीट आणि बर्थ आठव.

जाहिरात कधी येते हे बघा. २०२४ ची जुलै-ऑगस्टमध्ये आणि २०२५ ची ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होती, म्हणजे उन्हाळ्यात नाही तर पावसाळ्यात लक्ष ठेवायचं. फॉर्म फक्त आरआरसीच्या वेबसाईटवर भरायचा, फी १०० रुपये, एससी, एसटी, दिव्यांग आणि मुलींना ती पण नाही. २०२४ च्या जाहिरातीत स्टायपेंड महिन्याला ७,००० रुपये होता, तुमच्या वर्षीचा आकडा त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. आणि क्लस्टर निवडताना राहण्याचा विचार करा. एका मुलाने लातूरहून मुंबई क्लस्टर भरलं, नंबर लागला, पण खोलीचं भाडं आणि जेवण त्या पैशात बसेना म्हणून दोन महिन्यांत परत आला, सोलापूर भरलं असतं तर मावशीकडे राहून वर्ष पूर्ण झालं असतं.

अप्रेंटिस केलं म्हणजे नोकरी पक्की असं नाही, हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. पण फायदा मोठा आहे. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या पदांच्या थेट भरतीत २० टक्के जागा राखून ठेवतात, परीक्षा द्यावी लागतेच पण स्पर्धा वेगळी होते.

रेल कौशल विकास योजना, थोडक्यात

सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. दहावी पास, वय १८ ते ३५, साधारण तीन आठवडे, रेल्वेच्याच ट्रेनिंग सेंटरमध्ये, शिकवणी फुकट. सुरुवातीला इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट, फिटर हे चार ट्रेड होते. हजेरी ७५ टक्के लागते, शेवटी परीक्षा, लेखीला ५५ आणि प्रॅक्टिकलला ६० टक्के. स्टायपेंड नाही, राहायची सोय नाही. अर्ज त्यांच्या पोर्टलवर, बॅच निघाली की. दहावीनंतर गॅप पडलेल्यांना हाताला काही येतं का हे बघायला चांगली आहे, पण तीन आठवड्यात वेल्डर होता येत नाही हे पण खरं.

पहिला दिवस

सेफ्टी शूज स्वतः विकत घ्या, स्पोर्ट्स शूज घालून गेलात तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, लटकणारं काही नको, मुलींनी ओढणी न घेता केस बांधून जायचं. टोपी, पाण्याची मोठी बाटली, आणि जेवणाचा डबा, कारण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय तापतं ते गेल्यावरच कळतं.

वरच्या तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात. हात लावायची गरज नाही, दोन मीटरच्या आत गेलं तरी वीज झेप घेऊ शकते. डब्याच्या छतावर, टँकरवर, उभ्या इंजिनवर कुणी कितीही म्हटलं तरी चढायचं नाही. रूळ ओलांडताना थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, रुळाच्या डोक्यावर पाय ठेवायचा नाही कारण तो गुळगुळीत असतो, आणि उभ्या डब्याखालून वाकून जायचं नाही, उभी गाडी कधी हलेल सांगता येत नाही. मोबाईल खिशात बंद. रील काढणाऱ्या एका मुलाचं ट्रेनिंग तिसऱ्या दिवशी थांबवलं होतं आमच्याकडे, आणि परवानगीच्या हद्दीबाहेर रुळांवर सापडलात तर रेल्वे अ‍ॅक्ट १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तिथे ट्रेनी आहे सांगून सुटका होत नाही.

मला ज्या फिटरकाकांच्या हाताखाली दिलं ते पहिले दोन दिवस माझ्याशी फारसं बोललेच नाहीत. पिट लाईनवर गाडी लागायची, आम्ही खाली खड्ड्यात उतरायचो, वर डब्याचं पोट, सगळीकडे ब्रेकच्या धुळीचा आणि ग्रीसचा वास, काका टॉर्च मारत एकेक ब्रेक पॅड, स्प्रिंग, बोल्ट बघत जायचे आणि खडूने खूण करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात चाकांमधलं अंतर मोजायचा गेज दिला आणि म्हणाले, मोज. मी मोजलं, १६०० मिलिमीटर. म्हणाले, रुळांमधलं अंतर किती? ते मला पाठ होतं, १६७६. मग म्हणाले, उरलेले ७६ कुठे गेले ते सांग, आणि पुढच्या डब्याकडे निघून गेले.

दुपारचा डबा खाऊन होईपर्यंत मी वहीत आकडेमोड करत होतो. चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते, फ्लँज, ती नव्या चाकाला साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर जाड, दोन चाकांची मिळून ५७. म्हणजे ७६ मधून ५७ गेले, उरले १९. एवढी मोठी गाडी रुळावर दोन्ही बाजू मिळून फक्त १९ मिलिमीटरच्या खेळात धावते. काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले, म्हणाले आता सांग फ्लँज झिजली तर काय होईल. त्यानंतरचे तीन आठवडे मी त्यांच्या मागे मागे फिरलो आणि त्यांनी मला कधी गप्प बसवलं नाही. आत गेल्यावर शिकायचा मार्ग हाच, पुस्तकातलं दाखवायला जाऊ नका, दिलेलं छोटं काम पूर्ण करा आणि मग विचारा. टेक्निशियन लोकांना काका, दादा, ताई म्हणा, जेई (ज्युनियर इंजिनिअर) आणि एसएसई (सीनियर सेक्शन इंजिनिअर) यांना सर किंवा मॅडम.

सिव्हिलच्या मुलांना तर उन्हाळा हाच खरा मोसम आहे. रूळ उन्हाने लांबायला बघतात आणि लांब जोडलेल्या रुळाला जागा नसते, म्हणून रुळाचं तापमान तो बसवतानाच्या ठरलेल्या तापमानापेक्षा २० अंशांहून जास्त वर गेलं की गस्त सुरू होते, हॉट वेदर पेट्रोलिंग. पी-वेच्या सुपरवायझरांना विनंती केली तर की-मनबरोबर थोडं अंतर चालू देतात. हातोडा आणि पाना घेऊन तो माणूस रोज आपला ठरलेला पट्टा चालतो, क्लिप ढिली दिसली की ठोकतो. डिझाईनच्या पुस्तकात स्लीपरमधलं ६० सेंटीमीटर अंतर वाचलेलं असतं, ते पायाखाली मोजत गेलात की विसरणार नाही.

मुलींच्या घरून नेहमी एक प्रश्न येतो की तिथे मुली असतात का. असतात, शेडमध्ये, सिग्नलला, आता अप्रेंटिसमध्ये पण. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला आणि १९८९ मध्ये सेंट्रल रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या, पुढे आशियातल्या पहिल्या महिला ट्रेन ड्रायव्हर म्हणून नाव झालं आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. लेडीज टॉयलेट कुठे आहे, घरी जायची वेळ काय, हे पहिल्या दिवशी निःसंकोच विचारून घ्या, आणि एकटीऐवजी दोघी मैत्रिणींनी एकाच पत्रावर अर्ज केला तर घरचेही निश्चिंत राहतात.

पैसे मागणारा माणूस

यावर मी कितीही वेळा बोललो तरी कमीच. २०२२ मध्ये तामिळनाडूच्या २८ जणांना नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर रोज आठ तास गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं. त्यांना सांगितलेलं की हे ट्रेनिंग आहे, यानंतर टीटीई, क्लार्क वगैरे पोस्ट मिळणार. प्रत्येकाने दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत पैसे दिलेले, एकूण दोन कोटींच्या वर. शिकलेली मुलं होती ती. त्यांना संशय आला नाही कारण रेल्वेचं काम आतून कसं चालतं हे बाहेर कुणालाच माहीत नसतं, म्हणून मी वर एवढं सविस्तर लिहिलं.

खरं ट्रेनिंग ओळखायचं कसं, तर तुमच्या नावाचं परवानगीपत्र रेल्वेच्या ऑफिसातून निघतं, ते कॉलेजला पण जातं, गेटपास मिळतो, हजेरीचं रजिस्टर असतं आणि एका सुपरवायझरच्या नावावर तुम्ही असता. यातलं काही नसेल आणि कुणी फक्त फोनवर 'उद्या स्टेशनवर ये' म्हणत असेल तर जाऊ नका. जॉइनिंग लेटर दाखवलं तर ते घेऊन डीआरएम ऑफिसच्या पर्सोनेल ब्रँचला जा आणि खरं आहे का विचारा. नात्यातल्या माणसाने सांगितलं असलं तरी विचारा, उलट तेव्हा जास्तच विचारा.

डायरी आणि निघताना

रोज रात्री अर्धं पान लिहा. कुठली गाडी आली, काय बिघाड होता, कोणतं हत्यार वापरलं, काय कळलं नाही. फोटो काढता येत नाहीत म्हणून हाताने स्केच काढा, माझ्या रिपोर्टमधली सगळी चित्रं तशीच होती आणि तोंडी परीक्षेत सरांनी त्यावरच प्रश्न विचारले. दर आठवड्याला डायरीवर सुपरवायझरची सही घ्या, शेवटच्या दिवशी चार आठवड्यांच्या सह्या एकदम मागितल्या तर कुणी देत नाही.

रिपोर्ट जाण्याआधी एकदा सुपरवायझरना वाचायला द्या, आकडे चुकलेले असतात. सर्टिफिकेटवर नाव, कॉलेज, तारखा आणि युनिटचं नाव तिथेच उभं राहून तपासा, घरी येऊन चूक दिसली तर परत फेरी. गेटपास जमा केल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून तो महिनाभर जपून ठेवा, पावसात भिजला तर आमच्यातल्या एकाला नवीन अर्ज करावा लागला होता. सर्टिफिकेटच्या दोन-तीन झेरॉक्स, एक कॉलेजला, आणि डायरी फेकू नका, १८ पूर्ण झाल्यावर आयटीआय किंवा डिप्लोमावर असिस्टंट लोको पायलटचा, किंवा डिप्लोमावर जेईचा फॉर्म भराल तेव्हा अभ्यासाला तीच काढाल.

ज्यांच्या हाताखाली होतात त्यांना सांगून निघा. मी सर्टिफिकेट घेऊन खाली आलो तेव्हा काका पिटमध्ये होते, सहा वाजता सुटणारी गाडी होती आणि एका डब्याची स्प्रिंग बदलायची चालली होती. मी पिशवी बाजूला ठेवून टॉर्च धरला, गाडी पिटवरून हलली, मग वर आलो.